आकाशातील यंत्रालाही धनी असावा : हौशी ड्रोन व मॉडेल विमाने यांची नोंदणी

खेड्यातील मनुष्य आपल्या प्रत्येक मौल्यवान चीजवस्तूची नोंद कोठे ना कोठे करून ठेवतो. जमिनीची नोंद सातबाऱ्यावर असते, ट्रॅक्टरची परिवहन कार्यालयात असते, आणि आता तर गाई-म्हशींच्या कानांतही बारा अंकांचा बिल्ला आलेला आहे. एके काळी सायकल व बैलगाडी यांनाही बिल्ला लावावा लागत असे, हे वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असेल. या नोंदींमागील हेतू एकच असतो. वस्तू कोणाची आहे हे ठाऊक असले, म्हणजे तिच्यापासून होणाऱ्या लाभाला जसा धनी असतो तसाच तिच्यापासून होणाऱ्या हानीलाही धनी असतो. अलीकडे गावोगावी आलेल्या एका यंत्राच्या बाबतीत मात्र ही दक्षता पुरेशी घेतली जात नाही. ते यंत्र म्हणजे ड्रोन. प्रस्तुत लेखात हौशी ड्रोन व मॉडेल विमाने यांच्या नोंदणीचे नियम, त्यांमागील कारणे व त्या अनुषंगाने गावाने घ्यावयाची काळजी यांचा विचार केला आहे.

महाळुंगे परिसराची स्थिती

खेड तालुक्यातील महाळुंगे हे गाव चाकण-तळेगाव मार्गावर वसलेले आहे. चाकणच्या औद्योगिक क्षेत्राचा विस्तार होत गेला, तसतसे या गावच्या शिवारात मोटारी व दुचाकी वाहनांचे मोठे कारखाने उभे राहिले. त्यांच्या भिंतींना लागूनच आजही कांद्याची व बटाट्याची राने आहेत. रानाला लागून कामगारांच्या खोल्यांच्या रांगा आहेत. आणि या सर्वांवरून उच्च दाबाच्या विजेच्या तारा गेलेल्या आहेत. एकाच आकाशाखाली शेती, कारखाना व दाट वस्ती नांदत आहे.

अशा ठिकाणी उडत्या यंत्रांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. लग्नसमारंभ व बैलगाडा शर्यती यांचे चित्रण ड्रोनने होते. तरुण मंडळी हौसेने लहान यंत्रे विकत घेतात. अभियांत्रिकी शिकणारे विद्यार्थी मॉडेल विमाने तयार करतात. औषध फवारणीचे मोठे ड्रोनही आता शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले आहेत. शासनानेही या यंत्राचा उपयोग करून घेतला आहे. याच पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे गावठाणाची ड्रोनने मोजणी करण्याचा आरंभीचा प्रयोग झाला. पुढे २०२० साली केंद्र शासनाने 'स्वामित्व' योजना सुरू केली आणि अशा मोजणीतून घराघराची मिळकत पत्रिका तयार होऊ लागली. तात्पर्य, ड्रोन हे यंत्र वाईट नाही. ज्या ड्रोनचा धनी कोणास ठाऊक नाही, तो ड्रोन मात्र गावाला तापदायक ठरतो.

जागत्या पहाऱ्यांचा धडा

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने २०२४ सालच्या जून-जुलै महिन्यांत घेतला. शिरूर, आंबेगाव, जुन्नर व खेड या तालुक्यांतील अनेक गावांत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या वार्ता पसरल्या. मराठवाड्यातील बीड, जालना या भागांतूनही तशाच वार्ता आल्या. चोर आधी ड्रोनने टेहळणी करतात व मागाहून घर फोडतात, अशी समजूत पसरली. दिवसभर रानात राबलेली माणसे रात्री काठ्या घेऊन जागता पहारा देऊ लागली. अफवांवर विश्वास ठेवू नये, असे आवाहन पोलिसांना करावे लागले.

या प्रसंगात खरे ड्रोन किती व भास किती, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचे हे की, आकाशात दिसणारा दिवा कोणाचा, याचे उत्तर गावात कोणालाच देता येत नव्हते. उत्तर नसले म्हणजे भीती वाढते, आणि भीती वाढली म्हणजे संशयाचे बोट बहुधा परक्या माणसाकडे वळते. महाळुंग्यासारख्या गावी तर परमुलखातून आलेले कामगार मोठ्या संख्येने राहतात आणि रात्रपाळीवरून अवेळी घरी परततात. अशा गावात संशयाची ठिणगी किती अनर्थ करील, हे निराळे सांगावयास नको.

परदेशातही असेच घडले आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळील गॅटविक विमानतळाच्या परिसरात ड्रोन दिसल्याच्या खबरीमुळे विमानतळ बंद ठेवावा लागला. सुमारे एक हजार विमानफेऱ्यांचा खोळंबा झाला. पोलिसांनी एका दांपत्याला ताब्यात घेतले. परंतु ते निरपराध असल्याचे आढळून त्यांना सोडावे लागले व पुढे त्यांना नुकसानभरपाईही द्यावी लागली. खरा अपराधी अखेरपर्यंत सापडला नाही. ज्या यंत्राचा धनी कागदोपत्री नाही, त्याच्यापायी निरपराध माणूस कसा अडचणीत येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. नोंदणी ही प्रथमतः प्रामाणिक मालकाच्या संरक्षणासाठी आहे, हे यावरून ध्यानात यावे. गावात काही विपरीत घडले, तर 'माझे यंत्र हे, त्याचा क्रमांक हा' असे सांगण्यास त्याच्याजवळ पुरावा असतो.

नियमांची वाटचाल

आपल्या देशात उडत्या वस्तूंवरील नियंत्रण नवे नाही. १९३४ च्या विमान अधिनियमात 'विमान' या शब्दाच्या व्याख्येत फुगे व पतंग यांचाही समावेश केलेला होता. त्या अधिनियमाची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. ड्रोनच्या बाबतीत, २०१४ सालच्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी वापरास प्रथम मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून काही अटींवर वापर खुला झाला. त्यानंतर २५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम, २०२१ प्रसिद्ध झाले. पूर्वी जेथे पंचवीस नमुन्यांतील अर्ज भरावे लागत, तेथे या नियमांनी पाचच नमुने ठेवले व शुल्कही नाममात्र केले. पुढे २०२२, २०२३ व २०२४ या वर्षांत त्यांत सुधारणा करण्यात आल्या.

वजनाप्रमाणे वर्ग

नियमांचा सारा डोलारा वजनावर उभा आहे. यंत्राचे वर्ग पुढीलप्रमाणे आहेत :

(१) नॅनो : २५० ग्रॅमपर्यंत.
(२) मायक्रो : २५० ग्रॅमपेक्षा अधिक व २ किलोपर्यंत.
(३) लहान : २ किलोपेक्षा अधिक व २५ किलोपर्यंत.
(४) मध्यम : २५ किलोपेक्षा अधिक व १५० किलोपर्यंत.
(५) मोठे : १५० किलोपेक्षा अधिक.

येथे वजन म्हणजे उड्डाणाच्या वेळचे एकूण वजन होय. बॅटरी, कॅमेरा, पंख्यांची जाळी, टाकीतील पाणी व औषध हे सर्व त्यात धरावयाचे असते. उदाहरणार्थ, बॅटरीसह १४ किलो भरणाऱ्या फवारणी यंत्रात १० लिटर द्रावण घातले की ते सुमारे २४ किलोचे होते आणि लहान वर्गाच्या जेमतेम आत राहते. तसेच २४५ ग्रॅमच्या हौशी यंत्राला पंख्यांभोवतीची जाळी बसवली की ते नॅनो वर्गातून बाहेर पडते. यास्तव यंत्र घेतल्यावर ते पूर्ण साहित्यानिशी एकदा तागडीत घालून पाहावे.

अडीचशे ग्रॅमची ही मर्यादा मनमानेल तशी ठरवलेली नाही. उंचावरून पडणारी वस्तू माणसाच्या डोक्यावर आदळली असता कितपत इजा होईल, या हिशेबाचा तिच्याशी संबंध आहे. अमेरिकेत २०१५ सालच्या डिसेंबरात हौशी यंत्रांची नोंदणी सुरू झाली, तीही याच वजनापासून. तेथे एका हौशी उड्डाणकाराने न्यायालयात दाद मागितली व २०१७ सालच्या मे महिन्यात मॉडेल विमानांपुरती ही सक्ती रद्द झाली. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा करून ती पुन्हा लागू करण्यात आली. हौसेचे स्वातंत्र्य व शेजाऱ्याची सुरक्षितता यांचा मेळ घालण्याचा प्रश्न केवळ आपल्याच देशापुढे आहे असे नव्हे.

कोणाला काय लागते?

ड्रोन चालविण्यापूर्वी त्याची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घेतला पाहिजे, हा २०२१ च्या नियमांचा मूळ दंडक आहे. यंत्र हौशीचे आहे किंवा आकाराने लहान आहे, एवढ्यावरून या दंडकातून सुटका होत नाही. सूट मिळते ती अन्य दोन बाबतींत. आणि या तीन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक गैरसमज होतात.

पहिली बाब प्रकार प्रमाणपत्राची. यंत्राची बनावट तपासून त्या नमुन्याला दिलेले हे प्रमाणपत्र असते. नॅनो यंत्रांना ते लागत नाही. तसेच २५ किलोंच्या आतील जे यंत्र केवळ शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणूक यांसाठी व चालकाच्या नजरेच्या टप्प्यात उडवले जाते, त्याला नियमांत 'मॉडेल' यंत्र म्हटले असून त्यालाही हे प्रमाणपत्र लागत नाही. विद्यार्थ्यांनी जोडलेले विमान या सदरात येते.

दुसरी बाब चालकाच्या प्रमाणपत्राची. नॅनो यंत्र उडविण्यासाठी, तसेच मायक्रो यंत्र धंद्याखेरीज अन्य कारणासाठी उडविण्यासाठी ते लागत नाही. परंतु त्याच मायक्रो यंत्राने पैसे घेऊन लग्नाचे किंवा शर्यतीचे चित्रण केले की तो धंदा झाला. मग चालकास प्रमाणपत्र हवे व यंत्रही प्रकार प्रमाणपत्र मिळालेले हवे. चालकाचे वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे, तो दहावी उत्तीर्ण असावा व त्याने मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेतलेले असावे. हे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते.

मान्यताप्राप्त शैक्षणिक व संशोधन संस्थांना संशोधनासाठी आपल्या ताब्यातील आवारात, तेही हिरव्या क्षेत्रात, उड्डाण करावयाचे असल्यास नोंदणीतूनही सूट आहे. परंतु ती संस्थेच्या कामापुरती आहे. विद्यार्थ्याने तेच विमान घरी आणून गावच्या मैदानात उडवले, तर ती सूट त्याच्याबरोबर घरी येत नाही.

नोंदणी कशी करावी?

नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या संगणकीय व्यवस्थेत घरबसल्या होते. अर्जात मालकाचे नाव व पत्ता, यंत्राचा उत्पादकाने दिलेला अनुक्रमांक व नियंत्रण-साहित्याचे क्रमांक भरावे लागतात. नियमांत नोंदणीचे शुल्क १०० रुपये ठेवलेले आहे. एवढ्या कामासाठी मध्यस्थाला हजारो रुपये देण्याचे काहीच कारण नाही. पूर्वी पारपत्राचा आग्रह असल्याने ग्रामीण अर्जदारांची अडचण होत असे. २०२३ च्या सुधारणेने चालकाच्या प्रमाणपत्रासाठी व ऑगस्ट २०२४ च्या सुधारणेने नोंदणीसाठी ही अट काढून टाकण्यात आली. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन चालविण्याचा परवाना यांवर आता काम भागते.

मिळालेला क्रमांक यंत्रावर स्पष्ट दिसेल असा लिहून ठेवावा. यंत्र विकल्यास, जमिनीच्या फेरफाराप्रमाणेच, नव्या मालकाच्या नावे हस्तांतर करून घ्यावे. अन्यथा खरेदीदाराने केलेल्या आगळिकीचा जाब मूळ मालकाला द्यावा लागेल. यंत्र हरवले किंवा कायमचे निकामी झाले, तर नोंदणी रद्द करून घ्यावी.

खरेदीपूर्वी आणखी एक सावधगिरी बाळगावी. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीस मनाई करण्यात आली; संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांसाठीच अपवाद ठेवला गेला. सुट्या भागांना मात्र ही मनाई लागू केलेली नव्हती. स्वस्तात मिळते म्हणून पावतीविना घेतलेल्या यंत्राची नोंदणी होणे कठीण जाते. पक्की पावती नसल्यास व्यवहार करू नये.

सातबारा जमिनीचा, आकाशाचा नव्हे

'माझ्या रानात, माझ्या यंत्राने, माझ्या हौसेने उडवतो. त्यात शासनाचा काय संबंध?' असा प्रश्न गावभेटीत पुष्कळदा कानी येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. सातबाऱ्यावर जमिनीची मालकी असते, आकाशाची नसते. बांधाच्या वर शंभर फूट गेलेले यंत्र वाऱ्याने क्षणात शेजाऱ्याच्या घरावर किंवा कारखान्याच्या आवारात जाते.

म्हणूनच नोंदणीबरोबर क्षेत्राचाही विचार करावा लागतो. देशाच्या आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे तीन भाग नकाशावर दाखविलेले आहेत. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रकाची व तांबड्या क्षेत्रात केंद्र शासनाची परवानगी अवश्य आहे. हिरव्या क्षेत्रात परवानगी लागत नाही म्हणून नोंदणीही लागत नाही, असे मात्र कोणी समजू नये.

महाळुंगे गाव लोहगावच्या विमानतळापासून वीस किलोमीटरहून दूर असले, तरी तो विमानतळ वायुदलाचाही तळ आहे. देहूरोडला लष्करी छावणी आहे. म्हणून केवळ अंतराच्या अंदाजावर विसंबू नये. प्रत्येक उड्डाणापूर्वी नकाशा पाहावा. यात्रा, पालखी सोहळा किंवा मोठ्या व्यक्तींचा दौरा अशा प्रसंगी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरते तांबडे क्षेत्र म्हणून जाहीर करण्याचा अधिकार नियमांनी राज्य शासन व पोलीस यांना दिला आहे. काल जेथे उड्डाण चालले, तेथे आज ते गुन्हा ठरू शकते. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अपघात घडल्यास ४८ तासांच्या आत कळविणे बंधनकारक आहे आणि नॅनोखेरीज इतर यंत्रांना त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा लागतो.

हौशीतून उपजीविकेकडे

हौसेने यंत्र उडविणाऱ्या तरुणांतूनच उद्याचे फवारणी चालक तयार होणार आहेत. २०२३ सालच्या नोव्हेंबरात केंद्र शासनाने 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली व महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या योजनेतील पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणापैकी पाच दिवस केवळ यंत्र चालविण्याच्या शिक्षणासाठी राखून ठेवले होते. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, अवजारे भाड्याने देणारे केंद्र काढणाऱ्या कृषि पदवीधरांना ड्रोनच्या किमतीच्या निम्मे, कमाल ५ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य जाहीर झाले होते. सध्या कोणत्या योजनेत किती साहाय्य आहे, याची चौकशी तालुका कृषि अधिकारी कार्यालयात करावी.

फवारणीचे काम हे करमणुकीचे उड्डाण नव्हे. त्यासाठी यंत्राला प्रकार प्रमाणपत्र व चालकाला प्रशिक्षण हवे. ड्रोनने वापरण्यास मान्यता असलेलीच औषधे वापरावीत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीपूर्वी किमान चोवीस तास लोकांना सूचना देण्याची व संबंध नसलेली माणसे आणि जनावरे यांना त्या क्षेत्रापासून दूर ठेवण्याची अट घातलेली आहे. जेथे कांद्याच्या वाफ्याला कामगारांच्या खोल्यांची भिंत लागून आहे, तेथे या अटीचे मोल अधिकच आहे. वारा वस्तीच्या दिशेने वाहत असल्यास त्या दिवशी फवारणी करू नये. कांद्यावरील फुलकिडे व करपा यांविषयी राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचा, तसेच नारायणगाव येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येण्यासारखे आहे. त्यांनी पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात :

(१) गावातील ड्रोन व मॉडेल विमाने यांच्या मालकांची भेट घेऊन त्यांना नोंदणीस साहाय्य करावे. दंडाचा धाक घालण्यापेक्षा अर्ज भरून देणे अधिक उपयुक्त ठरते.

(२) मालकांनी आपण होऊन आपल्या यंत्राचा क्रमांक ग्रामपंचायत व पोलीस पाटील यांच्याकडे देऊन ठेवावा, असे सुचवावे. नियमांत ही सक्ती नाही. परंतु गावाच्या स्वास्थ्यासाठी हा परिपाठ हिताचा आहे.

(३) फवारणी, चित्रण किंवा मोजणी यांसाठी ड्रोन येणार असल्यास आदल्या दिवशी दवंडी, ध्वनिक्षेपक किंवा भ्रमणध्वनीवरील संदेश यांद्वारे गावाला कळवावे. शेजारच्या वसाहतीतील कामगारांनाही त्यांना समजेल अशा भाषेत कळवावे.

(४) अनोळखी ड्रोन दिसल्यास त्यावर दगड मारू नये किंवा कोणा वाटसरूला अडवून धरू नये. वेळ, दिशा व ठिकाण टिपून पोलिसांना कळवावे.

(५) शाळेतील मुलांना या छंदापासून परावृत्त करू नये. नोंदणी केलेले विमान, मोकळे मैदान व जाणत्याची देखरेख एवढे असले, म्हणजे हा छंद मुलांना यंत्रशास्त्राची गोडी लावणारा आहे.

नियम काळानुसार बदलत असतात. २०२५ सालच्या सप्टेंबरात केंद्र शासनाने ड्रोनविषयी स्वतंत्र विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी व उडविण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेले नियम पाहून घ्यावेत.

शेतकरी बंधू-भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की, शंभर रुपयांचा हा क्रमांक म्हणजे हौशीवर बसविलेली पट्टी नव्हे. रात्री-अपरात्री डोक्यावरून दिवा गेला, तर 'हे अमक्याचे यंत्र, अमुक कामावर आहे' असे ज्या गावाला सांगता येते, त्या गावातील माणसे निर्धास्त झोपतात आणि त्या गावातील परका मनुष्यही निर्धास्तपणे रस्त्याने जातो. आपल्या गावात ड्रोन किती आहेत व त्यांपैकी किती नोंदलेले आहेत, याची चौकशी प्रत्येक ग्रामसभेने येत्या बैठकीतच करावी.